सही कोणाची, देणे कोणाचे? : सैतानाशी सौद्याच्या कथा आणि 'नियती'वादी समीक्षा

सैतानाशी सौदा करणारी कथा मराठीत नाही, हे विधान आपल्या समीक्षाव्यवहारात इतक्या सहजपणे केले जाते की ते तपासून पाहण्याची गरज कोणाला भासत नाही. त्यामागील युक्तिवाद ठरलेला आहे. ख्रिस्ती धर्मविचारात सैतान हा ईश्वराचा विद्रोही म्हणून उभा आहे. आत्मा ही व्यक्तीची एकमेव ठेव आहे. ती हातची गेली की अनंतकाळचा नरक आहे. आपल्याकडे ईश्वराला असा प्रतिपक्ष नाही, आत्मा अविकारी आहे आणि नरकसुद्धा मुदतीचा आहे. तेव्हा विकावयास काही नाही आणि घ्यावयास कोणी नाही. मग सौदा कसला? या पायावर दोन परस्परविरोधी दिसणाऱ्या भूमिका उभ्या राहिल्या. सौंदर्यवादी समीक्षकाने ही कथा 'दुष्टाव्याचा वैश्विक आदिबंध' म्हणून स्वीकारली आणि तिला देशकालातून अलगद उचलून घेतले. देशीवादी समीक्षकाने तिला परकीय कलम ठरवून कुंपणाबाहेर ठेवले. या दोघांचे वैर सर्वश्रुत आहे, पण एका गृहीतकावर त्यांचे संपूर्ण एकमत आहे : या सौद्यात माणूस स्वतःचे काहीतरी विकतो. प्रस्तुत लेखाचा आक्षेप या गृहीतकावर आहे. मराठीत सौद्याची कथा आहे, विपुल आहे आणि ती आजही सांगितली जाते. फक्त तीत सही एकाची असते आणि देणे दुसऱ्याचे.

प्रथम ज्या संहितेचा आधार घेऊन 'आमच्याकडे असे नाही' असे म्हटले जाते, तीच पाहावी. गटेच्या 'फाउस्ट'चा पहिला भाग विंदा करंदीकरांनी १९६५ मध्ये मराठीत आणला. तो ज्यांनी नुसता चाळला नाही, वाचला आहे, त्यांना एक साधा प्रश्न विचारावासा वाटतो : या नाटकात नुकसान कोणाचे होते? रक्ताने सही करतो फाउस्ट. मरते ती ग्रेट्शेनची आई, झोपेच्या औषधाने. मरतो तिचा भाऊ, फाउस्टच्या तलवारीने. मरते तिचे मूल. आणि शेवटी देहदंड होतो तो तिला स्वतःला. दुसऱ्या भागात समुद्र हटवून जमीन तयार करण्याचा जो प्रचंड उद्योग फाउस्ट आरंभतो, त्याच्या आड फिलेमॉन आणि बाउकिस या म्हाताऱ्या जोडप्याची झोपडी येते आणि ते दोघे तिच्यासकट जळून जातात. खुद्द फाउस्टचा आत्मा मात्र अखेरीस देवदूत सोडवून नेतात. ज्याने सही केली तो सुटला. ज्यांना कागदाची वार्ताही नव्हती त्यांनी फेड केली. मार्शल बर्मन यांनी १९८२ च्या आपल्या ग्रंथात फाउस्टकडे 'विकासक' म्हणून पाहिले, तेव्हा त्यांनी नवे काही घुसडले नाही. संहितेत जे होते ते वाचले, इतकेच. आपल्याकडे मात्र 'फाउस्ट' म्हणजे ज्ञानपिपासू व्यक्तीची आत्मिक शोकांतिका, हे वर्गात सांगितले जाणारे वाक्य अजून हललेले नाही. त्या वाक्यात झोपडीला जागा नाही.

'आमच्याकडे सैतान नाही' हे विधानही शब्दकोशाच्या पातळीवरच डळमळते. तळकोकणात देवचार हा गावाच्या सीमेचा राखणदार. त्याला वर्षाकाठी ठरलेले द्यावयाचे आणि त्याने सीमा राखावयाची. चुकले तर तो त्रास देणार, हेही ठरलेले. गोव्याच्या ख्रिस्ती कोंकणीत हाच शब्द सैतानाचा वाचक झाला. हा केवळ भाषांतराचा अपघात नव्हे. ज्याच्याशी वार्षिक देण्याघेण्याचा व्यवहार होता, तो पक्षकार या भाषांतराने आत्म्याचा शत्रू ठरला. करार गेला आणि पाप आले. धर्मोपदेशकाला ते सोयीचे होते, हे समजण्यासारखे आहे. परंतु आपला समीक्षक उलट्या बाजूने येऊन तेच करतो : पाप आमच्याकडे नाही, म्हणून करारही नाही, असा निष्कर्ष काढतो. वास्तविक ज्या समाजाची भक्तीची भाषाच देण्याघेण्याची आहे, जेथे नवस 'बोलला' जातो आणि 'फेडला' जातो, तेथे अमानवी शक्तीशी केलेल्या कराराची कल्पना अपरिचित असणे शक्यच नाही. नवस आणि सौदा यांत भेद अवश्य आहे. नवस उघडपणे बोलला जातो आणि बोलणाऱ्यानेच तो आपल्या पदराला खार लावून फेडावयाचा असतो; सौदा झाकून होतो आणि त्याची किंमत दुसऱ्या कोणाकडून तरी वसूल होते. आपल्या लोकमानसाने हा भेद फार काटेकोरपणे सांभाळला आहे. समीक्षेने तो पाहिलेला नाही.

मराठीतील सौद्याची सर्वांत परिपूर्ण कथा कोणती, असे कोणी विचारले तर मी एखाद्या संग्रहाचे नाव घेणार नाही. श्रावणातल्या शितळासप्तमीच्या कहाणीचे नाव घेईन. कहाणी घरोघरी माहीत आहे, म्हणूनच ती कोणी वाचत नाही. राजा गाव वसवतो, तळे बांधतो, तळ्याला पाणी लागत नाही. जळदेवता मागणी करतात : सुनेचा वडील मुलगा बळी द्यावा. राजा विचारात पडतो. विचार कशाचा, तर सून हे मान्य करणार नाही, याचा. उपाय म्हणून सुनेला माहेरी पाठवले जाते आणि मग मुलाला न्हाऊमाखू घालून, जेवू घालून, दागिने लेववून तळ्यात ठेवले जाते. तळ्याला पाणी लागते.

येथे क्षणभर थांबले पाहिजे. करार राजा आणि जळदेवता यांच्यात झाला. लाभ गावाला. वस्तू राजाची नव्हे : त्याचा स्वतःचा मुलगा नव्हे, स्वतःचा आत्मा तर नव्हेच, सुनेचे मूल. आणि ज्या व्यक्तीचे जाणार ती करारस्थळी हजर नाही. ती नसावी, अशी तजवीज करण्यात आली आहे. 'माहेरी पाठवणे' या प्रेमाच्या आणि सणासुदीच्या क्रियेचा उपयोग येथे एखाद्या पक्षकाराला सुनावणीपासून दूर ठेवण्यासाठी झाला आहे. कहाणी एका शब्दानेही राजाची निंदा करीत नाही. पण ती सांगते कोण, ऐकते कोण? बायका. वसा घेणाऱ्या, सून म्हणून आलेल्या. पुढे सून परतताना भरलेले तळे पाहते, तिथीची आठवण ठेवून त्याच जळदेवतेला पूजते, आपल्या वंशातले पाण्यात गेलेले परत मागते, आणि मूल तिला परत मिळते. आपल्या अभ्यासकांनी या शेवटाकडे बोट दाखवून कहाणीला 'मंगल' ठरवले. मला यात मंगलाहून अधिक काही दिसते. राजाने केलेला करार सुनेने, त्यात पक्षकार नसताना, दुसऱ्या पक्षकाराशी थेट बोलून फिरवला आहे. पाणीही राहते आणि मूलही मिळते. म्हणजे मुलाच्या बळीवाचून पाणी टिकले असते, हे कहाणीने न बोलता सिद्ध केले. राजाला हा प्रयत्न करून पाहण्याची गरज वाटली नव्हती. देणेकऱ्याच्या बाजूने सांगितलेली सौद्याची कथा याहून धारदार मी वाचलेली नाही. आणि ही कथा आपल्या कथासमीक्षेच्या कोणत्याही अभ्यासक्रमात नाही, कारण ती 'व्रतवाङ्मय' आहे. भालचंद्र नेमाडे यांनी लघुकथा या प्रकाराविषयी जो तुच्छताभाव व्यक्त केला त्यावर आपण शाई आटवली; पण त्या वादातील दोन्ही बाजूंच्या मनात कथा म्हणजे नियतकालिकात छापलेली कथाच होती. नियतकालिकाआधीची, बाईच्या तोंडची कथा फारशी कोणाच्या हिशेबात नव्हती.

दुसरे उदाहरण बायंगीचे. दक्षिण कोकणात बायंगी म्हणजे विकत आणावयाचे भूत. नारळात बांधून ते घरी आणले जाते, लपवून ठेवले जाते, ते घराला बरकत देते आणि त्याचे मागणे वाढत गेले की घरावर उलटते. नाहीतर ते दुसऱ्याच्या गळ्यात घालावे लागते. स्टीव्हन्सनच्या १८९१ मधील 'बाटलीतल्या भुता'च्या कथेशी याचे साम्य इतके स्पष्ट आहे की तुलनाकाराचे काम सोपे होते, आणि तो तेथेच थांबतो. कथनमीमांसेच्या अंगाने पाहिले तर भेद महत्त्वाचा आहे. स्टीव्हन्सनची कथा बाटली घेणाऱ्याच्या मनातून सांगितलेली आहे. त्याची भीती, त्याचे प्रेम, त्याची सुटका. बायंगीची कथा तशी सांगितली जात नाही. 'मी बायंगी आणली' असे वाक्य या कथाप्रकारात संभवतच नाही. ती नेहमी शेजाऱ्याची असते : अमक्याच्या घरी एकाएकी पैसा आला, तमक्याच्या वाडीला अवकाळी बहर आला, आणि त्याच सुमारास आमची म्हैस आटली. निवेदक हा सौद्याबाहेरचा आहे आणि नुकसान त्याचे आहे. एकाची भरभराट आणि दुसऱ्याची ओहोटी यांत संबंध असला पाहिजे, हा या कथेचा मूळ सिद्धान्त होय. अर्थशास्त्राच्या दृष्टीने तो प्रत्येक वेळी खरा असतो असे नाही. पण तो सिद्धान्त आहे, नुसती भोळी समजूत नव्हे.

प्रस्तुत लेखक ज्या भागात अध्यापन करतो, त्या कर्जत-खालापूरच्या घाटपायथ्याला या विषयाचा एक वेगळाच पुरावा उभा आहे. खोपोलीहून खंडाळ्याकडे जुन्या रस्त्याने चढू लागले की शिंग्रोबाचे देऊळ लागते. कथा अशी की बोरघाटातून वाट सापडत नसलेल्या इंग्रज साहेबाला शिंग्रोबा नावाच्या धनगराने आपल्या जनावरांची वाट दाखवली. बक्षीस काय हवे असे विचारता त्याने देशाचे स्वातंत्र्य मागितले. आणि साहेबाने त्याला गोळी घातली. कोणी ही गोष्ट रस्त्याची सांगतो, कोणी रेल्वेची. घाट चढणारे वाहनचालक देवळापाशी नाणे टाकून पुढे जातात.

ही सौद्याची कथा आहे. मागणे विचारणारी बलाढ्य, परकी शक्ती आहे, तिला हवी असलेली दुर्मीळ वस्तू आहे, वर आहे, आणि वरातच मृत्यू आहे. परंतु आपण तिचे काय केले? स्वातंत्र्याची मागणी पकडली आणि शिंग्रोबाला हुतात्म्यांच्या रांगेत बसवले. एका एकट्या धनगराने रस्त्याच्या वा रेल्वेच्या साहेबाकडे, त्या काळी, 'देशाचे स्वातंत्र्य' या शब्दांत मागणी करावी, हे मागाहून चढलेले पुट असणे अधिक संभवनीय. मला त्या पुटाचा राग नाही. लोककथा अशीच वाढते. राग आहे तो पुटालाच मूर्ती समजणाऱ्या वाचनाचा. पूट बाजूस केले तर खाली जे उरते ते असे : वाट आमची होती, ती त्यांना दिली, आणि देणारा संपला.

इतिहासाशी ताडून पाहिले तर या कथेचे मोल आणखी वाढते. घाटाचा रस्ता १८३० मध्ये गव्हर्नर माल्कम याच्या हस्ते खुला झाला. रेल्वेच्या घाटमार्गाचे काम १८५६ मध्ये सुरू होऊन १८६३ मध्ये पुरे झाले : सुमारे १५ मैलांत १,८३१ फुटांचा चढ. मुख्य अभियंता जेम्स बर्कले मार्ग खुला होण्याआधीच, १८६२ मध्ये, मरण पावला. कामाच्या भरात चाळीस हजारांहून अधिक माणसे घाटात खपत होती. १८५९ च्या जानेवारीत थकलेल्या मजुरीवरून मजुरांनी दंगा केला. पहिला कंत्राटदार फेव्हिएल याने त्याच वर्षी काम सोडले. त्याच्या जागी आलेला सॉलोमन ट्रेडवेल हिंदुस्थानात पोचल्यावर थोड्याच दिवसांत वारला, आणि ते कंत्राट त्याची पत्नी ॲलिस हिने तडीस नेले. पटकी, ताप, कडे कोसळणे आणि सुरुंग यांनी मजूर हजारोंनी मेले. रेल्वेच्या इतिहासात अभियंता आहे, कंत्राटदार आहे, कंत्राटदाराची विधवाही आहे. मजुरांची संख्या आहे, नाव नाही. लोककथेने याच्या नेमके उलट केले. साहेबाचे नाव ती विसरली. अभियंता, कंत्राटदार, गव्हर्नर सगळे तिच्या लेखी एकच 'साहेब'. तिने नाव दिले ते देणाऱ्याला, आणि हजारो मेलेल्यांचे ओझे त्या एका धनगराच्या देहावर घातले. कोणाचे नाव ठेवावयाचे आणि कोणाचे पुसावयाचे, यासंबंधी या कथेचा निर्णय माझ्या मते आपल्या वाङ्मयेतिहासकारांच्या निर्णयापेक्षा अधिक विवेकी आहे.

मायकेल टाउसिग यांनी १९८० मध्ये कोलंबियातील ऊसमळ्यांवरच्या मजुरांविषयी लिहिलेला ग्रंथ आपल्याकडच्या काही अभ्यासकांना ठाऊक आहे. जास्त ऊस तोडता यावा म्हणून मजूर सैतानाशी करार करतो, अशी तेथील समजूत. पण त्या मजुरीतून घेतलेली जमीन नापीक होते आणि जनावर मरते. तो पैसा चैनीत उडवावयाच्या लायकीचाच असतो. स्वतःच्या शेतावर राबणारा मात्र असा करार करीत नाही. टाउसिग यांनी यात भांडवली मजुरीवरची टीका वाचली. वाचन मोहक आहे, पण थोडे अधिक मोहक आहे. त्यात भांडवलपूर्व खेडे फारच निर्मळ दिसते. मार्क एडलमन यांनी १९९४ मध्ये मध्य अमेरिकेच्या संदर्भात दाखवून दिले की तेथे सैतानाशी करार केल्याची कथा शेतकरी सांगतात ती बड्या जमीनदाराविषयी. मला एडलमन यांचे म्हणणे आपल्या परिस्थितीच्या अधिक जवळचे वाटते. भूत 'कोणत्या उत्पादनपद्धतीचे प्रतीक' हा प्रश्न दुय्यम. ही कथा कोण कोणाविषयी सांगतो, हा प्राथमिक.

आणि आपल्या परिस्थितीत भूत नसलेला सौदाही आहे. कर्जत-खालापूरच्या कातकरी वाड्यांवरून दरवर्षी कुटुंबेच्या कुटुंबे वीटभट्ट्यांवर जातात. पावसाळ्यात हाताला काम नसताना उचल मिळते. दिवाळीनंतर भट्टी सुरू होते. आठवड्याची खर्ची तेवढी हातात पडते. पावसाच्या तोंडावर हिशेब होतो आणि उचल फिटली नाही तर बाकी पुढल्या हंगामावर चढते. उचल घेताना नाव पुरुषाचे. चिखल तुडवावयास, विटा थापावयास आणि वाहावयास बायको आणि पोरे. वेठबिगारी १९७६ च्या कायद्याने संपुष्टात आली आणि तीखालची कर्जेही कायद्याने रद्द ठरली. पण उचलीला वेठबिगारी म्हणावयाचे की नाही, याचा वाद प्रत्येक वेळी नव्याने घालावा लागतो. गोदावरी परुळेकरांनी 'जेव्हा माणूस जागा होतो' (१९७०) मध्ये वारल्यांमधल्या ज्या लग्नगड्याचे चित्र रेखाटले, त्यालाही हेच लागू : लग्नापुरते कर्ज, आणि मग नवराबायको दोघेही सावकाराच्या दारी. आत्मा कोठे विकला जातो, असे विचारणाऱ्या समीक्षकाला येथे आत्मा सापडणार नाही. शितळासप्तमीची सून मात्र लगेच सापडेल.

कोणी म्हणेल, हे समाजशास्त्र झाले, वाङ्मयाचे काय? वाङ्मयाचेच सांगतो. टॉलस्टॉयची 'माणसाला किती जमीन लागते?' (१८८६) ही कथा आपल्या विद्यार्थ्यांना शाळेपासून परिचित आहे. पुरेशी जमीन असली तर मी सैतानालाही भिणार नाही, असे पाहोम म्हणतो. सैतान ते चुलीमागून ऐकतो. आणि अखेरीस बाश्किरांच्या माळावर, दिवसाला हजार रूबल या भावाने, सूर्यास्तापर्यंत पायांनी घेरता येईल तेवढी जमीन मिळविण्याच्या धावेत पाहोम मरतो. लोभाचा शेवट सहा फुटांत, हा तात्पर्याचा भाग फळ्यावर लिहून झाला की तास संपतो. काही वर्षांपूर्वी ही कथा शिकवीत असता खालापूरकडच्या एका विद्यार्थिनीने विचारले, "सर, पाहोम मेला ते कळलं. पण बाश्किरांच्या जमिनीचं पुढं काय झालं?" वर्ग हसला. मला हसता आले नाही, कारण टॉलस्टॉयच्या कथेत या प्रश्नाचे उत्तर नाही, आणि तो प्रश्न विचारावा असे मला स्वतःला कधी सुचले नव्हते. पाहोमच्या स्वप्नात बाश्किरांचा मुखियाच पालटत पालटत शिंगांचा सैतान होतो. म्हणजे जमीन घेणारा बळी आणि देणारा सैतान. कर्जत-खालापुरात, मुंबईपुण्याच्या मधल्या या पट्ट्यात, फार्महाऊसच्या कुंपणांमधून कॉलेजला येणाऱ्या मुलीला ही वाटणी उलटी दिसली, तर दोष तिच्या वाचनाचा नव्हे. साठेकरार, कुलमुखत्यारपत्र, बयाणा हे शब्द तिने घरी ऐकलेले असतात. आदिवासींची जमीन बिगर-आदिवासींकडे जाण्यास जमीन महसूल संहितेच्या कलम ३६-अ खाली मंजुरी लागते, हे तिला माझ्याआधी ठाऊक असते. आणि मंजुरीला वळसा घालणाऱ्या वाटा असतात, हेही. तिने टॉलस्टॉयचे वाचन देणेकऱ्याच्या जागेवरून केले. या वाचनाला आपल्या समीक्षेत संज्ञा नाही.

संज्ञा नाही, कारण ती जागा दुसऱ्या संज्ञेने अडवली आहे. ती संज्ञा म्हणजे 'नियती'. जी. ए. कुलकर्णी यांच्या कथेच्या निमित्ताने ती आपल्या समीक्षेत रुजली आणि 'रमलखुणा' (१९७५) मधल्या 'प्रवासी' आणि 'इस्किलार' या दीर्घकथांच्या संदर्भात ती सार्थही होती. ज्या कथांना ओळखीचे गाव नाही, तेथे ती शोभते. जी.एं.चा यात दोष नाही. दोष आहे तो एका लेखकासाठी घडवलेली किल्ली प्रत्येक कुलपात घालून फिरवणाऱ्यांचा. नियती आणि करार या परस्परांना छेद देणाऱ्या संकल्पना आहेत. नियतीला पक्षकार नसतो, दर नसतो, मुदत नसते, अट नसते. तिच्याविरुद्ध दाद मागता येत नाही. कराराला हे सगळे असते, आणि म्हणून तो अन्यायाचा आहे असे म्हणता येते, तो मोडता येतो, निदान तो कोणी केला हे विचारता येते. कराराच्या कथेला नियतीची कथा म्हणणे म्हणजे त्या कागदावरची सही खोडणे. नारायण धारप यांच्यासारख्या लोकप्रिय लेखकाकडे पाहण्याचा आपला दृष्टिकोनही यामुळेच आंधळा राहिला. त्यांच्या कथेत अघोरी शक्तीशी व्यवहार आहे, किंमत आहे, घराण्यावर चढत जाणारे देणे आहे. त्यांच्या एका कथेने चेतवलेला 'तुंबाड' हा चित्रपट २०१८ मध्ये आला तेव्हा ते सर्वांना दिसले. त्याआधी आपण त्यांना 'भयकथा' या कप्प्यात टाकून मोकळे झालो होतो. धारपांची मर्यादा आहेच : अनेकदा 'समर्थ' येऊन संकट निवारतो आणि मूळ व्यवहाराची चौकशी राहून जाते. पण हे म्हणण्यासाठी आधी तो व्यवहार आहे हे मान्य करावे लागते.

एक आक्षेप गंभीर आहे आणि तो टाळता येणार नाही. बायंगीच्या, बळीच्या कथांना 'सिद्धान्त' म्हणणे हे अंधश्रद्धेला विद्यापीठीय प्रतिष्ठा देणे नव्हे काय? डॉ. नरेंद्र दाभोलकरांची २० ऑगस्ट २०१३ रोजी हत्या झाली आणि त्याच वर्षी नरबळी व जादूटोण्याविरुद्धचा कायदा महाराष्ट्रात झाला. अशा भूमीत हा प्रश्न विचारणाऱ्याला उद्धटपणे उत्तर देणे अशोभनीय होईल. माझे उत्तर असे की येथेही सांगणाऱ्याची आणि सांगितल्या जाणाऱ्याची दिशाच पाहावी. आदिवासी पाड्यावर एखाद्या एकाकी बाईला 'भुताळी' ठरवणारी कथा वरून खाली, बलवानाकडून दुबळ्याकडे जाते, आणि तिचा शेवट मारहाणीत होतो. ती कथा कायद्याने रोखलीच पाहिजे. सौद्याची कथा खालून वर जाते. तिचे लक्ष्य एकाएकी श्रीमंत झालेला घरधनी असतो. दोन्हींत भूत आहे म्हणून दोन्ही एकच, असे मानणारा विवेकवाद भूताकडे पाहतो, माणसांकडे नाही. अर्थात ही दिशा प्रत्येक वेळी शुद्ध राहते असा माझा दावा नाही. बायंगीचा आळ कष्टाने वर आलेल्या घरावरही येऊ शकतो. म्हणूनच कथा कोणाची, कोणाविषयीची आणि केव्हाची, हे नोंदवल्यावाचून तिचे अर्थनिर्णयन करू नये.

आणि 'नियती' हा शब्द केवळ समीक्षेच्या पानांवर राहत नाही, म्हणून हा वाद घालावयाचा. १९ जुलै २०२३ च्या रात्री खालापूर तालुक्यात इर्शाळगडाच्या कुशीतल्या इर्शाळवाडीवर दरड कोसळली. ठाकरांची वाडी. २७ मृतदेह मिळाले. ५७ जण सापडलेच नाहीत. अशा प्रसंगी शोकाची जी भाषा आपल्या हाताशी असते तिचे शब्द ठरलेले आहेत : नियतीचा घाला, निसर्गाचा कोप, काळाची झडप. हे शब्द लिहिणाऱ्यांपैकी अनेकांनी ते आपल्याच वर्गांतून, आपल्याच पाठ्यपुस्तकांतून घेतले आहेत. त्या गडाच्या परिसरातच मोरबे धरणाचा जलाशय आहे; त्याचे पाणी नवी मुंबईला जाते. धरणामुळे दरड कोसळली असे मी म्हणत नाही. तसे म्हणण्यास आधार नाही. पाऊस प्रचंड होता आणि डोंगर उभा होता. परंतु ज्या खोऱ्यातले पाणी एका शहराला पोचवण्यासाठी जमिनी संपादित होतात, आराखडे होतात आणि करारमदार होतात, त्याच खोऱ्यात वरच्या कड्याखाली एक वाडी, चालत जाण्याच्या पायवाटेवाचून दुसरी वाट नसलेली, का राहते, हा प्रश्न नियतीच्या भाषेत विचारताच येत नाही. कहाणीच्या भाषेत येतो. तळ्याला पाणी लागले; करारस्थळी कोण हजर होते आणि कोणाला माहेरी पाठवले होते?

या भागातील लोककथांचे संकलन अधूनमधून होते आणि प्रकल्पाच्या अहवालात कथा छापल्या जातात. जे अहवाल पाहण्यात आले त्यांत कथेखाली गावाचे नाव असते, आणि पुष्कळदा कथाप्रकाराचा अनुक्रमांक. सांगणारी व्यक्ती कोणत्या घरची, तिच्या नावावर जमीन आहे की नाही, आणि कथेतला धनवान तिच्या ओळखीचा आहे काय, हे तीन रकाने त्यांत नाहीत. पुढील संकलन जो कोणी हाती घेईल, त्याने ते आधी आखावेत.